किती दिवसांपासून?

९ नोव्हेंबर, रविवार

गाठ आहे तशीच आहे. मानेच्या उजव्या बाजूला, कानाखाली. दुखत नाही. ऑगस्टमध्ये हरभऱ्याएवढी होती, आता सुपारीएवढी – की मीच चाचपून चाचपून मोठी केली, कोण जाणे! स्कार्फ गुंडाळून बाहेर आले. शैलेंद्र म्हणाला, "काय गं, फॅशन?" सतरा वर्षांच्या संसारात नवऱ्याचं निरीक्षण एवढंच.

डॉक्टरकडे जायचंय, पण जानेवारीत. एक तारखेपासून शैलेंद्रच्या कंपनीमार्फत आमचा नवा विमा सुरू होतोय. नव्या विम्यात जुनं दुखणं घेऊन शिरायचं नसतं, हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल. तोवर कुठल्याही कागदावर काही येता कामा नये.

१२ नोव्हेंबर, बुधवार

स्लोटरडाइक स्टेशनजवळच्या ऑफिसात दिवसभर खोटी माणसं जन्माला घातली. तेच माझं काम – विमा कंपनीच्या सिस्टिममध्ये काल्पनिक गिऱ्हाईकं भरायची आणि कुणी कुठे अडतं का बघायचं. आज ब्याण्णव वर्षांचे आजोबा भरले. मग एक बाई. तिचं डायलिसिस चालू आहे असं मी मनात ठरवलं. मनातच, कारण मूलभूत विम्याच्या फॉर्मवर आजाराचा रकानाच नाही. मागेल त्याला विमा द्यायचा, असा इथला डच कायदा आहे. दोघेही पास. कुणाला नकार गेला, तर तो दोष म्हणून मी नोंदवायचा!

हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण पुराणातली वांगी पुराणात.

२३ नोव्हेंबर

बाबांचा फोन. त्यांना गाठीचं सांगितलं नाही, पण फोन ठेवल्यावर त्यांचा नियम आठवला. डॉक्टरनं "कधीपासून?" विचारलं की आठ दिवसांच्या वर जायचं नाही. शेजारचे श्रीनिवासकाका खरं बोलले – "तीन वर्षांपासून" – आणि क्लेम नामंजूर, कारण आजार विम्याच्या आधीचा. आईच्या वेळी बाबांनी शांतपणे "आठ दिवस" सांगितलं. क्लेम पूर्ण पास! आमच्याकडे ही गोष्ट लग्नामुंजीत सांगतात.

७ डिसेंबर

शिरीष जेवायला आला होता. शैलेंद्रचा पुण्यापासूनचा मित्र, आता वाखनिंगनला टोमॅटोवर संशोधन करतो. मसालेभातावर दोघांची जुंपली.

शिरीष – "या कंपन्या हव्यात कशाला मध्ये? सगळ्यांना एकच सरकारी विमा द्या ना!"

शैलेंद्र – "सरकारकडे दिलंस की रांग लागली म्हणून समज. इथे नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही कंपनीला. अजून काय पाहिजे?"

"तरी रांग आहेच की!"

"ती डॉक्टरांची रे. विम्याची नाही."

दोघेही ठणठणीत. ठणठणीत माणसांना विम्यावर फार छान बोलता येतं. मी तूप वाढत होते, गळ्यात स्कार्फ. घरात गरम होत नाही का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

२८ डिसेंबर

नव्या विम्याचा फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, नागरिक क्रमांक, पत्ता. संपला! मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. घरात तोच फॉर्म, जो ऑफिसात रोज भरते – तरी आजाराचा रकाना शोधत बसले. मनाची एवढी तयारी केली, आणि खोटं लिहायला जागाच नाही.

उलट भीतीच वाटली. विचारत नाहीत म्हणजे नंतर धरणार.

७ जानेवारी, बुधवार

हुईसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन आले. तरुण बाई, हात गार. गाठ दाबून पाहिली. "हे कधीपासून?"

आणि माझ्या तोंडून, मी विचार करायच्या आत – "चार दिवस."

आठसुद्धा नाही, चार! बाबांनी पाठ थोपटली असती.

"मग सर्दीमुळेही असेल," डॉक्टर हसून म्हणाल्या. "चार आठवडे वाट बघू. नाही गेली तर या." पॅरासिटामॉल सांगितली. मी आभार मानले. सायकलवर घरी येताना कळलं की मी स्वतःच माझी रांग लावून घेतली. संशय विमा कंपनीवर, आणि खोटं बोलले डॉक्टरशी!

लगेच फोन करून खरं सांगता येईल. पण मग रेकॉर्डवर दोन तारखा दिसतील. ते जास्तच वाईट.

११ जानेवारी

संहितानं विचारलं, "आई, व्हॉट डिड शी से?" ऑगस्टमध्ये स्खेवनिंगनच्या समुद्रावर तिनंच माझ्या मानेला क्रीम लावताना गाठ पहिल्यांदा पाहिली होती. डास चावला, असं मी तेव्हा सांगितलं होतं.

"चार आठवडे थांबायचंय."

"बट यू टोल्ड हर अबाउट द बीच, राइट?"

मी कुकरची शिट्टी काढून धुवायला घेतली. पोरगी चौदा वर्षांची. तिला बरोबर कळलं. दार आपटून गेली.

१२ जानेवारी

झोप नाही. काय गंमत आहे – आईच्या क्लेमची गोष्ट आम्ही नेहमी "पास झाला" इथेच थांबवतो. आईचा ताप सहा महिन्यांचा होता. डॉक्टरांनी आठ दिवसांच्या तापाचं औषध दिलं. आई अकराव्या दिवशी गेली.

सकाळी आठला फोन केला. "ऑगस्टपासून," म्हटलं. पलीकडे कीबोर्ड वाजला. मग – "आजच या. दहा वाजता."