बाकावरची चाळीस वर्षं

आदरणीय विनीताई यांस,

क्लिफर्डचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? समुद्राकाठची हवा गुडघ्याला चांगली नाही असं मी दर उन्हाळ्यात कळवतो आणि तुम्ही राहता तिथेच राहता, तेव्हा यंदा तो विषय काढत नाही. पोपट मजेत असेल. मी बरा आहे. (बरा म्हणजे कसा, ते पुढे येईल.) तुमची धाकटी बहीण सुखरूप पोचली असणार, कारण तिचा चांगला कोट खुंटीवर नाही आणि तिला स्कारबरोच्या बसमध्ये चढताना निम्म्या गावानं पाहिलं. उरलेल्या निम्म्यानं मला येऊन सांगितलं.

म्यूरियलनं तुम्हाला सगळं सांगितलं असेल आणि ती सांगते ते खरंच असतं. पण मी गावच्या मैदानावर क्रिकेटचा पंच आहे, आणि पंचाला त्याची बाजू कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून लिहितो.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून जोननं (तुमची भाची, तिला नको तिथे हौस) मैदानाच्या कडेला एक लाकडी बाक भेट दिला. अशा बाकावर पितळी पाटी लावतात हे तुम्हाला माहीत आहेच. बहुतेक पाट्या गेलेल्या माणसांच्या असतात, आणि गेलेल्या माणसाचा वेळ नेहमी सुखाचाच गेलेला असतो. फॉसेटच्या बाकावर ‘याने इथे अनेक सुखाचे तास घालवले’ असं लिहिलंय. तो ते सगळे तास तिथे बसून माझ्या निकालांवर ओरडत असे. पण मेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? आमचं तसं नव्हतं. आम्ही दोघंही हयात, त्यामुळे पाटीवर काय लिहायचं हा प्रश्न होता. जोन म्हणाली, “बाबा, मजकूर तुम्हीच द्या. आईला तुमचेच शब्द हवेत.” त्या संध्याकाळी म्यूरियलनं न मागता मला दुसऱ्यांदा पुडिंग वाढलं. मला वाटलं, उरलं असेल.

पाट्या कोरणारा होरेस टिंडल माझ्या शाळेतला. त्याच्याकडे मजकूर तयारच होता: चाळीस सुखाची वर्षं. म्हणाला, “सगळे हाच घेतात, कुणाची तक्रार नाही.” मी विचारलं, हे सुख तपासलं कुणी? स्वयंपाकघराचं छत सूपच्या पातेल्यात कोसळलं ते वर्ष त्यात धरायचं का? जोनला गोवर झाला आणि पाठोपाठ मला झाला ते? तुमच्या मातोश्री आमच्याकडे ‘थोडे दिवस’ राहायला आल्या ते? (राग मानू नका, तुमच्याकडेही त्या राहिल्या आहेत.) पंचानं जे पाहिलं नाही ते तो देत नाही. मग टिंडल म्हणाला, ‘लांब’ लिही. मी म्हटलं, ते तुरुंगातून सुटलेल्या माणसासारखं वाटतं. ‘भक्कम’ म्हटलं तर कपाट वाटतं. ‘तब्बल’ म्हटलं तर प्रदर्शनातला भोपळा. तेवढ्यात पाद्रीबुवा दुकानात आले, त्यांनी ‘धन्य’ सुचवलं. ते अविवाहित आहेत.

आता आपल्या यॉर्कशरात कौतुकाची रीत काय आहे, ते तुम्हाला सांगायला नको. ‘वाईट नाही’ म्हटलं की झालं, त्याच्यावर पायरी नाही. माझ्या वडिलांनी आईच्या हातच्या ॲपल-पायला एकदा ‘बरा झालाय’ म्हटलं, तर आई ती गोष्ट पुढे पाहुण्यांना सांगत असे. तेव्हा मी असा विचार केला, की जिथे नेहमीचा शब्द पुरत नाही तिथे काहीच न लिहिणं हा सगळ्यांत मोठा मान. मी टिंडलला सांगितलं, लिही: क्लिफर्ड आणि म्यूरियल, चाळीस वर्षं. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “वर्षांच्या आधी काहीच नको? नक्की? बायकोसाठी पाटी आहे ही, गायीच्या कानातला बिल्ला नाही.” मी नक्की म्हटलं.

शनिवारी सामन्यात चहाची सुट्टी झाली तेव्हा जोननं बाकावरचं कापड ओढलं. दोन्ही संघ हातात सँडविच घेऊन उभे होते. म्यूरियलनं चष्मा लावला आणि वाचलं. वाचायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग तिनं वाकून बाकाच्या मागल्या बाजूला काही आहे का ते पाहिलं. ऑलरॉइडबाई (ह्या क्लबचा चहा बघतात आणि इतरांचे संसारही) म्हणाल्या, “काय गं, पुढचं कोरायचं राहिलं का?”

“नाही गं,” म्यूरियल म्हणाली, “ह्यांचं सांगून संपलंय.”

त्यानंतर तिनं सगळ्यांना चहा ओतला, कप विसळले, माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि निघून गेली. मला वाटलं, घरी गेली. पुढचा डाव सुरू व्हायचा होता, मी जाऊन यष्टीमागे उभा राहिलो. त्या दुपारी मी एका फलंदाजाला पायचीत दिलं, तो अजून माझ्याशी बोलत नाही. घरी आलो तर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं आणि घर रिकामं होतं. ताट झाकलेलं पाहून मला फार वाईट वाटलं. रागावून जाणाऱ्या बाईनं निदान उपाशी तरी ठेवावं.

पाटीचं म्हणाल तर तिचा आणखी एक घोटाळा झाला. नुसती नावं आणि वर्षं बघून लोकांना आम्ही वारलो असं वाटतं. काल पाहुण्या संघाच्या कप्तानानं बाकापुढे टोपी काढली आणि मला विचारलं, ओळखत होतात का तुम्ही ह्यांना? मी म्हटलं, बाईंना चांगला ओळखत होतो, नवऱ्याबद्दल खात्री नाही.

बाकी सर्व ठीक. म्यूरियलनं परत यावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. समुद्राची हवा तिला मानवते. तुमचा गुडघा जपा.

तुमचा,
क्लिफर्ड

ता. क. पत्र्याचे हवाबंद डबे उघडायची चावी कुठे असते, एवढं तिला सहज विचारा. मी विचारलंय असं सांगू नका.

ता. क. दुसरा. स्वयंपाकघरातलं घड्याळ त्या शनिवारपासून मागे पडतंय असं वाटलं म्हणून दुरुस्तीला नेलं. दुकानदारानं उघडून पाहिलं आणि म्हणाला, घड्याळ ठीक आहे, मिसेस कुठे गेल्यात का? मी ते परत भिंतीवर लावलंय. हा एक आठवडा फार लांब आहे, विनीताई. हा शब्द मला शोधावा लागला नाही.

ता. क. तिसरा. त्याच वाटेनं टिंडलकडे गेलो. पाटीवर एक शब्द मावेल एवढी जागा आहे. मी त्याला म्हटलं, वर्षांच्या आधी ‘थोडकी’ कोर. तो म्हणाला, “शुद्धीवर आहेस ना? चाळीस वर्षं काही थोडकी नव्हेत.” मी म्हटलं, तू मोजली असशील, मी घालवलीत. आणि मला ती पुरली नाहीत.

ता. क. शेवटचा. पितळेवर कोरलेलं खोडता येत नाही, म्हणून टिंडल अजून थांबलाय. हे पत्र म्यूरियलला वाचून दाखवा आणि तिला विचारा, हा शब्द चालेल का. तिच्या मनात दुसरा असेल तर तो लिहू. ‘लांब’ असला तरी लिहू. पण तो तिनं इथे येऊन माझ्या तोंडावर सांगावा.