मेडशीचं पाडस

बाबा,
नागपूरहून तुमच्या पौर्णिमाचा जय भीम.

मी बरी आहो, जेवण येळेवर करते. तुमी करता ना? शेजारची भागिरथामावशी फोनवर सांगे, बाबा अंगणात एकटेच बसून राह्यतात.

काल वनखात्याच्या केंद्रात जाऊन आपल्या सोनीले पाहून आली. मेडशीच्या आपल्या वावरात, सोयाबीनमंधी मायेविना सापडलेलं ते पाडस तुमी शेळीच्या दुधावर जगवलं, अन् शेवटी वनरक्षकाच्या हाती द्या लागलं. तवा तुमी मले इचारलं, "जीव लावला, हा गुन्हा कसा?" हरीण घरी पाळाले कायद्यानं बंदी आहे, येवढंच मले ठाऊक होतं.

सोनी इथं दुसऱ्या हरणांत चरून राह्यली होती. मी जाळीजवळून हाक मारली. तिनं कान टवकारले, मले पाह्यलं अन् कळपात पळून गेली. मले लय वाईट वाटलं. पण केंद्रातल्या डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "आली तेव्हा कोणाच्याही मागे जायची. आता माणसाला भिते, म्हणजे जंगलात जगेल."

आई गेल्यावर तुमाले सोनीचीच सोबत होती, हे मले समजते बाबा. अंगण सुनं वाटलं तं इकडं या. माह्या खोलीत दोघांची जागा आहे.

तुमची लेक,
पौर्णिमा