चहाला मी नको म्हणालो

मंगळवार, संध्याकाळ

आज रेडिओच्या श्रोता मेळाव्याची बैठक झाली. येणाऱ्यांना फुकट चहा-पोहे द्यायचे का, एवढाच प्रश्न होता. मीच पहिला उठून नको म्हणालो. फुकट खायला नुसती गर्दी होते, खरे श्रोते मागे राहतात, असं बोललो. रंकाळ्याकडच्या सलीमभाईंनी टोमणा मारला, "आप्पा, गेल्या वर्षी दोन प्लेटा कुणी हाणलेल्या वो?" सगळे हसले. मीही हसलो. पण मत द्यायला वर केलेला हात तसाच ठेवला, आणि चहा रद्द झाला.

घरी आल्यापासून चैन नाही. गेल्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर याच सलीमभाईंशी अर्धा तास बोललो होतो. ते का थांबले? चहा गरम होता म्हणून. आमची ही गेल्यापासून तेवढं सलग कुणाशी बोललोय का मी? आठवत नाही. मग हात कशाला वर केला?

उद्या रेडिओ स्टेशनवर फोन करतो. माझं चुकलं म्हणतो. हसतील, हसू देत. पोहे नसले तरी चालतील, चहा ठेवा. आणि चांगला कढत ठेवा.