हरिप्रियाचा हिरो

४ जुलै, शुक्रवार
मी फेमस झालो. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत टॉप एट! आज चेन्नईच्या अण्णा नगर मेट्रोवर सिक्युरिटीवाल्या अण्णांनी मला ओळखलं. फेम डोक्यात जाऊ द्यायची नाही, ठरलं. आरशात बराच वेळ पाहिलं. काही बदल नाही. तरुण म्हणाला, तू आधीपासूनच चढेल होतास. तरुण (हे नाव आहे) माझ्या वर्गातला. म्हणजे, माझा. घरी माहीत नाही. पण आता फेमस आहे, सांगणं सोपं जाईल.

१२ जुलै
प्रोड्यूसर विद्युलता मॅडमची आयडिया: ड्युएटमध्ये मी आणि स्पर्धेतल्याच हरिप्रियाने एकमेकांकडे बघत राहायचं. लोकांना लव्हस्टोरी आवडते. हरिप्रिया म्हणाली, बघ, पण लवकर आटप, घामाने मेकअप उतरतोय. प्रोफेशनल मुलगी. तरुणला मेसेजवर समजावलं की ही अ‍ॅक्टिंग आहे. रिप्लाय नाही. म्हणजे पटलं.

२० जुलै, रविवार
आमच्या जोडीचा हॅशटॅग निघाला. सिरुसेरीला ऑफिसात सगळे बाबांना विचारतात, मरुमगळ कशी आहे? मरुमगळ म्हणजे सून, हे बाबांना आत्ता कळलं. खूश आहेत. आज आईला सगळं सांगणार होतो. पण तिने पुरणपोळ्या केल्या. अशा दिवशी विषय काढणं बरं नाही. पुढच्या रविवारी नक्की.

२७ जुलै
रविवार होता, पण तरुणला मरीना बीचवर भेटायचं ठरलेलं. मास्क, टोपी. परफेक्ट प्लॅन. बसमधून उतरल्या उतरल्या काही मुलींनी ओळखलं! (गुणगुणायला नको होतं.) त्यांनी फोन तरुणच्याच हातात दिला, ब्रो, एक फोटो. एकीने विचारलं, हरिप्रिया कुठाय? मी म्हणालो, येतेच आहे. तरुणने फोटो काढले. बरेच. मग चण्यांचं सुंडल न खाताच निघून गेला. मॅथ्सचा अभ्यास असेल.

९ ऑगस्ट
सेमीफायनल. आज स्टेजवर खरं बोलायचं. तमिळमध्ये पाठ केलंय. तरुणला पास दिलाय.

नंतर.
अँकरने विचारलंच, तुझ्या मनात कोण आहे? आई पहिल्या रांगेत. मी हरिप्रियाकडे बोट दाखवलं. आपोआप गेलं. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. फायनलला पोचलो. तरुणची खुर्ची रिकामी दिसली. टॉयलेटला गेला असेल.

१० ऑगस्ट
तरुण घरी आला. आईने पेढा दिला, तो त्याने हातातच धरला. माझ्या खोलीत आल्यावर म्हणाला, "काल अम्माला सांगितलं. माझ्याबद्दल."
मी दार लावून घेतलं. विचारलं, माझं नाव?
"नाही घेतलं."
सुटलो. थँक्स म्हणालो. तो म्हणाला, अम्मा खूप रडली. मग तिने विचारलं, कोणी आहे का?
"मग?"
"होता, म्हणालो."
गेटपाशी मुली जमल्या होत्या. अद्वय, अद्वय! आई दारातून म्हणाली, अरे जा, हात तरी दाखव. बाल्कनीत गेलो. हात हलवत राहिलो. खाली तरुण गर्दीतून वाट काढत होता. दोघीतिघींना सॉरी म्हणाला. वर पाहिलं नाही.