अर्क न घातलेले मणी

३ फेब्रुवारी, धाराशिव
तोच आकडा! तिसऱ्यांदा. म्हणजे चूक माझ्या हाताची नाही.

शेळीच्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या पेशी सपाट ताटलीत वाढवल्या की बिघडतात — कूर्चा खाणारं एन्झाइम वाढतं. त्याच पेशी जेलच्या साबुदाण्याएवढ्या मण्यांत ठेवल्या की गोल राहतात, एन्झाइम कमी. सांधेदुखीवरच्या आमच्या पाल्याचा अर्क आम्ही कायम मण्यांत घातला, आणि तुलना केली ताटलीशी! या वेळी सहज अर्काशिवाय मणी करून पाहिले. एन्झाइम तितकंच कमी. अर्कानं काहीच केलेलं नाही. सगळं मण्यांचं काम.

दोन वर्षं. आणि छापून आलेला लेख — माझे गाइड गौरीशंकर सर, त्यांचं नाव आणि माझं.

४ फेब्रुवारी
लेख जाऊ दे. आईचं काय? दिवाळीत मीच म्हटलं होतं — हाच पाला उकळून पी, गुडघ्याच्या ऑपरेशनची घाई नको.

८ फेब्रुवारी, नळदुर्ग
आई शेरडांना चारा टाकत होती. खुंटा धरून उठली. सांगितलं सगळं.
"आई, त्या काढ्यात काही नाही. माझं चुकलं."
तिनं पुढच्या शेरडाला चारा टाकला. मग — "आगं, पर मला बरं वाटत हुतं की."

अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोलापूरच्या डाक्टरला फोन लाव."

११ फेब्रुवारी, सोलापूर
एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीला एकाच गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आता दोन्ही गुडघ्यांचं करावं लागेल." आईनं माझा हात दाबला. मलाच धीर देत होती!

१२ फेब्रुवारी
उद्या सरांना सांगायचं. कसं? मेंढरं राखणाऱ्या माझ्या अण्णांच्या, धुळाप्पाच्या पोरीला लॅबमध्ये घेतलं ते त्यांनीच. मार्चमध्ये रिटायर होतायत. आईचा काढा त्यांना माहीत होता — दर सोमवारी विचारायचे, "आईचा गुडघा काय म्हणतो?" त्यांना केवढा धक्का बसेल! वही नीट उतरवून काढली. 

१३ फेब्रुवारी, धाराशिव
सरांनी वही उघडलीच नाही. खिडकीकडं बघत म्हणाले, "अर्क काही करत नाही हे मला ठाऊक आहे, करिश्मा. लेख पाठवायच्या आधीपासून."
लेख मागे घ्यायचं पत्र पाठवलं. सही माझी एकटीची.