संघपाल ऑसिलेशन

२८ जुलै, सोमवार
पुण्याच्या सरांचा फोन आला. ऑक्टोबरपासून आपल्या प्रकल्पात दोनऐवजी एकच रिसर्च असिस्टंट राहणार. मी किंवा मोनाली. ज्याचं मॉडेल जमिनीवर पडलेल्या पावसाशी जास्त जुळेल, तो राहणार. मी लगेच हो म्हणालो, कारण निकाल उघड आहे. मी सीनियर. ढगांचा अभ्यास माझा जुना. मोनाली परवा परवा लागलेली. ती फक्त "चालेल सर" म्हणाली, आणि इतक्या शांतपणे म्हणाली की माझा सगळा दिवस खराब गेला.
संकल्प: मोनालीकडे लक्ष द्यायचं नाही.

२९ जुलै
मोनालीने ग्रुपवर ग्राफ टाकला. सरांनी अंगठा दिला. काल माझ्या ग्राफला नुसत्या दोन निळ्या टिक्स.
तिचे रंगच भडक असतात.

३० जुलै
प्रीतीने (बायको) विचारलं, तुमचं काम नेमकं काय? लग्नाला चार वर्षं झाल्यावर विचारते. समजावून सांगितलं. कॉम्प्युटर हिशेब करून सांगतो, ढग कुठे होणार, पाऊस किती पडणार. ते मॉडेल. शेतात लावलेलं पर्जन्यमापक सांगतं, खरंच किती पडला. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. सोपं करून म्हणालो, मॉडेल म्हणजे स्थळ आल्यावर मुलाचा बायोडाटा, आणि पर्जन्यमापक म्हणजे प्रत्यक्ष मुलगा.
म्हणाली, मंग मला याचा अनुभव हाय.

२ ऑगस्ट, शनिवार
माझं यंत्र पिंपळगाव रेणुकाईला, आबाराव नावाच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये. मोनालीचं अंबडकडे. दोन्ही यंत्रांत सिमकार्ड आहे, आकडा आपोआप आपल्या जुन्या जालन्यातल्या ऑफिसात येतो. तरी मोनाली दर शनिवारी एसटीने जाऊन यंत्र बघून येते. आज धुळीने माखून आली. सरांना तिने फोटोही पाठवला. यंत्राशेजारी उभी. जसं काही यंत्राला मुलगा झाला.
स्वतःच्या उपकरणावर विश्वास नसला की माणसाला एसटीत बसावं लागतं. मी पुढच्या आठवड्यात पिंपळगावला जाणारच आहे. गरज म्हणून नाही, शिस्त म्हणून.

५ ऑगस्ट
पावसाने दडी मारली. आभाळ धुऊन इस्त्री केल्यासारखं. दोघांचीही मॉडेलं शून्य म्हणतात. तरी सर तिला म्हणाले, गुड. शून्यात काय गुड?

६ ऑगस्ट
पिंपळगावच्या यंत्रात बारा मिलिमीटर!!! अकराला सुरू होऊन भर दुपारपर्यंत. सगळ्या जिल्ह्यात थेंब नाही, माझ्या यंत्रावर बारा.
मोनाली म्हणाली, एकदा जाऊन बघायला पाहिजे. मी म्हणालो, निसर्ग सांगून येत नाही. तिचा चेहरा उतरला. जळली. मला असल्या गोष्टी लगेच कळतात.

८ ऑगस्ट
पुन्हा तेरा. ओळीने तिसरा दिवस. मॉडेल अजून शून्यच म्हणतं, म्हणून पिंपळगावच्या वरच्या हवेत मी थोडी ओल वाढवली. शास्त्रात याला ट्यूनिंग म्हणतात. आता मॉडेल तिथे दुपारी पाऊस देतं. यंत्राशी अगदी बरोबर.
मोनालीने काहीच वाढवलं नाही. आळस.

९ ऑगस्ट, शनिवार
आज जाणार होतो. गाडीचं पुढचं चाक बसलं.
मोनालीच्या मावसबहिणीची भोकरदनला सुपारी, म्हणजे लग्न ठरवायचा कार्यक्रम. म्हणाली, सर, मी तिकडंच चालले, जाता जाता तुमचं यंत्र बघून येते. मी म्हणालो, बिलकुल नको, ते फार सेन्सिटिव्ह आहे. तिचा डाव माझ्या लक्षात आला. जिल्ह्यात एकाच जागी पाऊस पडतो आणि ती जागा माझी आहे, हे तिला सहन होईना. गेली असती तर फोटो काढून सरांना पाठवला असता. पावसासकट.

१२ ऑगस्ट
घोटाळा. कालपासून पाऊस दुपारऐवजी रात्री पडतो आहे. मॉडेल मात्र अजून दुपारीच पाडतं. मोनालीच्या टेबलावरून हसल्याचा आवाज आला. फोनवर आईशी बोलत होती म्हणे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. सासरे भेटले, नोकरीचं विचारलं. कायम झाल्यात जमा आहे, असं सांगितलं. त्यांनी तिथेच चौघांना सांगितलं. आता व्हावंच लागेल.

१८ ऑगस्ट, सोमवार
पाऊस पुन्हा दिवसा आला!
एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बदल बरोबर सोमवारी. अशी लय मान्सूनमध्ये आजवर कोणालाही सापडलेली नाही. सोमवारीच का, हे अजून कळलेलं नाही. पण गुरुत्वाकर्षणसुद्धा का आहे हे कोणाला कळलंय? मॉडेलात लय बसवली. दिवस, रात्र, सगळं जुळलं.
शास्त्रात अशा लयीला ऑसिलेशन म्हणतात. नाव दिलं, माझंच: संघपाल ऑसिलेशन. आधी 'जालना ऑसिलेशन' लिहिलं होतं. पण त्यात अंबडही येतं.

२१ ऑगस्ट
ऑसिलेशनच्या मेलला सरांचं उत्तर: "व्हेरी इंटरेस्टिंग." मग व्हिडिओ कॉल. सरांनी मोनालीला विचारलं, तुझ्या मॉडेलात पिंपळगावचा पाऊस का नाही? ती म्हणाली, "वरच्या हवेत ओलच न्हाई सर, पाऊस पडंल कशातून?" मी म्हणालो, ओल नसेल तर घालावी लागते. सरांनी तिला समजावलं की निरीक्षण मॉडेलच्या विरोधात गेलं तर मॉडेलच चुकीचं असू शकतं. ती म्हणाली, असू शकतं सर, पण कारण सापडेपर्यंत मी बदलणार न्हाई.
मला तिची दया आली. मग सर म्हणाले, गुड पॉइंट. दया गेली.

२६ ऑगस्ट
रात्रीचा आठवडा सुरू. ऑसिलेशन ठणठणीत. सर स्वतः येणार आहेत, पुढच्या बुधवारी, दिवसाच्या आठवड्यात. पिंपळगावला उभं राहून पाऊस बघणार. मी वेळ देऊन टाकली: सकाळी अकरा.
प्रीती म्हणाली, आधी एकदा जाऊन तर या. तिला काय सांगायचं, नवऱ्याच्या कामात घरच्यांचाच विश्वास कमी असतो.

२ सप्टेंबर
उद्याचं भाषण पाठ. "सर, हा फक्त सुरुवातीचा टप्पा आहे." मोनालीसाठीही एक वाक्य ठेवलं आहे: स्पर्धेत हारजीत चालायचीच. हे खांद्यावर हात न ठेवता म्हणायचं.

३ सप्टेंबर
आज लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.
जीपमध्ये सर, मोनाली, मी. सरांनी छत्री आणली होती, माझ्या शब्दावर. आभाळात ढगाचा पत्ता नाही. मी म्हणालो, हेच तर वैशिष्ट्य आहे. आबाराव आणि त्यांची बायको जयवंताबाई यांनी बांधावर चहा दिला. बोलत यंत्रापाशी आलो. सर वर बघत होते, मीही वर. मोनाली खाली बघत होती. शिवारातली सगळी सोयाबीन पिवळी पडलेली, यंत्राभोवतीची हिरवीगार, आणि पायाखाली चिखल.
अकरा वाजले. आभाळ निळं. मग विहिरीकडून घुंईऽऽ असा आवाज आला.
जयवंताबाई म्हणाल्या, "लाइट आली. बाजूला व्हा, भिजताल."
चार बाजूंनी तुषार सिंचनाचे फवारे सुरू झाले. टक टक टक करत एकाची धार फिरली, आधी यंत्रावर, मग सरांवर. सरांनी छत्री उघडली. माझा अंदाज मिनिटाला बरोबर होता, एवढं इथे नोंदवून ठेवतो.
आबाराव समजावून सांगायला लागले. पाऊस न्हाई म्हणून तुषार लावलेत. मोटारीला ऑटो हाय, लाइट आली की आपोआप चालू व्हती. शेतीपंपाची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातच्याला. सोमवारी बदलती. हे यंत्र तुषारचंच पाणी मोजायला बशिवलंय, असं त्यांना वाटलं होतं. बसवणारे बसवून गेले, सांगायला कोणी आलंच नव्हतं.
परत निघालो. वाटेत राजूरला सरांनी विचारलं, म्हणजे सगळं ऑसिलेशन लाइटचंच? मी म्हणालो, सर, शेतकरीही वातावरणाचाच भाग आहे. सर ओली छत्री गुंडाळायला लागले.
मोनाली हसली असती तर बरं झालं असतं. हसली नाही. मला तिचा हेवा वाटतो. महिनाभर सगळे तिला चूक म्हणत होते, मी तर रोज. तरी तिने शून्याचं शून्यच ठेवलं. मी तिच्या जागी असतो तर दुसऱ्याच दिवशी पाऊस पाडला असता. पाडलाच.

१० सप्टेंबर
निकाल: मोनाली.
पण मलाही ठेवलं आहे! पद नवीन आहे, क्षेत्र निरीक्षक. आठवड्यातून तीन दिवस सगळ्या यंत्रांपाशी जाऊन फोटो काढून पाठवायचे. म्हणजे त्यांना माझ्यातलं फील्डचं कौशल्य दिसलं. सर जाता जाता बोलून गेले की हे पद मोनालीने भांडून मागून घेतलं, नाहीतर मी घरी जात होतो. हे त्यांनी सांगायची काही गरज नव्हती.
प्रीतीला म्हणालो, प्रमोशन आहे. तिने विचारलं, फोटो कोणाला पाठवायचे? मी पाणी प्यायला उठलो.

३० सप्टेंबर
उद्यापासून नवीन पद. पांढरा शर्ट धुतला. मोनालीने दुपारी शहराच्या पावसाच्या ग्रुपवर टाकलं: जालना शहर, आज संध्याकाळी पाचनंतर पाऊस. घरमालकाने गच्चीवरची मिरची आत घेतली. समोरच्या बाईंनी गाद्या उचलल्या. एका मेसेजवर अख्खी गल्ली हलते! माझ्या सांगण्यावरून कोणी कधी रुमालसुद्धा आत घेतला नाही.
मी शर्ट मुद्दाम बाहेर वाळत घातला. प्रीती दोनदा म्हणाली, काढा. मी म्हणालो, आधी निरीक्षण येऊ दे.
पाच दहाला आलं. खिडकीतून हात बाहेर काढला असता तरी शर्ट आत आला असता. पण तो आत घेणं म्हणजे मान्य करणं. भिजू दिला.

१ ऑक्टोबर
सकाळी शर्ट ओलाच होता. दुसरा घातला असता तर प्रीती जिंकली असती, म्हणून तोच घातला.
ऑफिसात आता मोनालीला मॅडम म्हणायचं ठरलं आहे. मीच ठरवलं. नाहीतर सर सांगणार होते.
मॅडमनी विचारलं, शर्ट ओला कसा? मी म्हणालो, घाम.
टेबलावरचा पंखा त्यांनी माझ्याकडे फिरवला.