कोट्टयमची काळी आमटी

सातपूर, नाशिक
९ फेब्रुवारी

चि. वैष्णवी,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तू आणि पोटातलं बाळ ठीक असाल. फोन असताना आई पत्र कशाला लिहिते म्हणून हसशील. पण फोनवर तू बँकेच्या गडबडीत असतेस आणि इकडे पप्पा शेजारी बसून मधेमधे बोलतात. माझं धड काही सांगून होत नाही.

सटाण्याहून मामाने कांद्याची गोणी पाठवली. लाल कांदा आहे, टिकायचा नाही, लवकर संपवा म्हणाला. झालं! पप्पांनी लगेच टुमणं लावलं, "मग ती कोट्टयमची आमटी कर की." जानेवारीत तुमच्याकडून आल्यापासून त्यांच्या तोंडी तीच आहे. काळपट, आंबट, कांद्याची. नाव काय गं तिचं? मी दोनदा करून पाहिली. काळ्या मसाल्याला खोबरं भाजतो तसा नारळ भाजला, चिंच घातली. पप्पा घास घेतात, जरा थांबतात आणि म्हणतात, "चांगली झालीय. पण तिकडची अजून दाट होती, नाही का गं?" मी हो म्हणते.

शेजारच्या भाग्यश्रीलाही वाटीभर दिली. भिशीत बायका विचारतात, केरळात काय काय खाल्लंस? मी सांगते सगळं.

तेवढी कृती तुझ्या सासूबाईंना विचारून कळव. भोपाळला इतकी वर्षं नर्स होत्या, हिंदी छान बोलतात, पण मला एकदम फोन करायला अवघड वाटतं. त्यांना सांग, मला ती आमटी फार आवडली होती.

आणि जूनचं काय ठरवलंस? पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे. मी विचारलं की तू विषय बदलतेस.

जपून राहा. बिनॉयरावांना आशीर्वाद.

आई


सातपूर
२ मार्च

चि. वैष्णवी,

पार्सल पोचलं. वाटलेल्या मसाल्याची डबी, ते बोराएवढे छोटे कांदे, कागदात गुंडाळलेला कढीपत्ता, सगळं नीट आलं. सोबत तुझ्या सासूबाईंच्या, अलियम्मांच्या हातची हिंदीत लिहिलेली कृतीही होती. त्या आमटीला थीयल म्हणतात, आता कळलं.

तुझा मेसेजही त्याच दिवशी आला. "आई, तुला आवडली हे सांगितल्यावर अम्माने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठून नारळ खवायला बसली." ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले.

वैष्णवी, मी ती आमटी खाल्लेली नाही. एक घाससुद्धा नाही. आणि हे तुझ्या सासूबाईंना माहीत आहे.

तुमच्याकडे आठवडाभर मी सोमवार सांगितला, मग एकादशी, मग पित्त. पित्त-बित्त काही नव्हतं. मी खोलीचं दार लावून घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात होते. पहिल्या रात्री ताटात तो काळपट रस्सा आला, त्यात गोल गोल काहीतरी होतं, आणि मला वाटलं मटण आहे. कांद्याच्या राशींवर खेळून मोठी झालेली मी. मला ताटातला कांदा ओळखता आला नाही.

एका दुपारी तुम्ही दोघं कामावर होतात, पप्पा बाजारात गेले होते. अलियम्मा माझ्या खोलीत ताट घेऊन आल्या. "थोड़ा तो खाओ, कमजोरी आएगी," म्हणाल्या आणि समोर बसल्या. मी भात कालवत राहिले. तेवढ्यात दाराची बेल वाजली, त्या उठून गेल्या. मी सगळं ताट दशम्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रिकामं केलं, गाठ मारली आणि ती मागच्या खिडकीतून केळीत फेकून दिली.

त्या परत आल्या आणि रिकामं ताट बघून त्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू! "और दूँ?" म्हणाल्या. मी पोटावरून हात फिरवला आणि पुरे म्हणाले.

संध्याकाळी त्यांच्या कुत्र्याने ती पिशवी पुढच्या अंगणात ओढत आणली आणि फाडली. भात, कांदे सगळे फरशीवर. अलियम्मा दारात उभ्या होत्या, मी त्यांच्या मागे. पिशवीवर आपल्या नाशिकच्या दुकानाचं नाव होतं, मराठीत. त्यांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग झाडू आणला आणि वाकून सगळं झाडून घेतलं. मी "द्या इकडे" सुद्धा म्हणाले नाही. तू घरी आलीस, विचारलंस कुत्र्याने काय आणलंय, तर त्या काहीतरी बोलल्या आणि तू हसलीस. रात्री त्यांनी माझ्यापुढे फक्त दूध आणि केळी ठेवली. आग्रह केला नाही. पुन्हा कधीच केला नाही.

मी धरून चालले होते की त्यांनी मागाहून तुला सगळं सांगितलं असणार. जूनचा विषय तू टाळतेस तो म्हणूनच. मागच्या पत्रात "फार आवडली" लिहिलं ते तुझी परीक्षा घ्यायला. तू काय उत्तर देतेस, त्यावरून तुला माहीत आहे की नाही ते मला कळणार होतं. इतकी मी हलकी झाले. आणि तू सरळ मनाने जाऊन त्यांना सांगितलंस, आणि त्यांनी माझ्यासाठी नारळ खवला.

अजून एक राहिलंय. ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तिकडे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पप्पांनी मला सांगितलं होतं. "अगं, नुसता कांदा आहे, मी स्वतः त्यांच्याबरोबर बसून सोललाय. आपल्यासाठी भांडीही नवी आणलीत. कढईवरचा कागद माझ्यासमोर काढला." म्हणजे फेकताना मला सगळं माहीत होतं. मी पप्पांना काय म्हणाले, ऐक. मी म्हणाले, "भांडी नवी असतील. हात तर तेच ना?"

पप्पा म्हणाले, "तुळशीची माळ माझ्याही गळ्यात आहे, उज्वला." आणि कूस बदलून झोपले.

त्याच सकाळी तुला उलट्या होत होत्या, तेव्हा त्याच हातांनी तुझं कपाळ धरलेलं मी पाहिलं होतं.

त्या दुपारी मी जेवले असंच पप्पा धरून होते. फेकल्याचं त्यांना काल सांगितलं. जेवता जेवता त्यांनी ताट सरकवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. अजून नीट बोललेले नाहीत.

तू काय म्हणायचं ते म्हण.

आई


सातपूर
२० एप्रिल

चि. वैष्णवी,

किती दिवस तू फोन उचलला नाहीस. उचललास तेव्हा एवढंच म्हणालीस, "मी अम्माला काही सांगणार नाही. तुझं तू बोल." बरोबर बोललीस. तरी धीर करायला मला बरेच दिवस लागले. काल दुपारी पप्पा बाहेर गेल्यावर फोन लावला.

माझं हिंदी तुला माहीत आहे. "मैंने खाना फेंका था," एवढं बोलले आणि पुढचे शब्दच सापडेनात.

त्या म्हणाल्या, "मालूम है. मैंने देखा था."

मी म्हटलं, "आपने वैष्णवी को क्यों नहीं बताया?"

त्या म्हणाल्या, "उसको इस घर में रहना है. माँ की शरम लेके वो मेरे सामने कैसे बैठेगी?"

मी तुझी आई, आणि तुझी लाज त्यांनी राखली. मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, गप्प करायला गेल्या नाहीत. मी विचारलं, "आप गुस्सा हैं?" मला वाटलं, नाही म्हणतील, मोठ्या मनाच्या आहेत.

"हूँ," त्या म्हणाल्या. "अभी भी हूँ. मैंने पूरी ज़िंदगी मरीज़ों को हाथ से खिलाया. किसी ने ऐसा नहीं किया."

मग त्याच म्हणाल्या, "जून में आइए. मैं बनाऊँगी. नहीं खाना है तो बोल दीजिए. फेंकना नहीं."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. पार्सलमधल्या छोट्या कांद्यांना तोवर कोंब आले होते. जे बरे होते ते निवडून घेतले, फ्रिजमध्ये ठेवलेल्या त्यांच्या डबीतला मसाला घातला आणि कृतीत लिहिलं होतं तशीच थीयल केली. पप्पा आले, जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ही ती." कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले.

मग मीही भात घेतला. आधी चिंच लागते, मागून नारळाचा भाजका कडवटपणा, आणि कांदा दाताखाली आला की गोड. फार चांगली लागते, वैष्णवी. वाईट लागली असती तर मला सोपं गेलं असतं.

भिशीतल्या बायकांना अजून खरं सांगितलेलं नाही. भाग्यश्री परवा पुन्हा वाटी घेऊन आली होती. तिलाही नाही सांगितलं. म्हणजे मी काही फार सुधारले असं समजू नकोस.

बाळंतपण तिकडेच होऊ दे. माझा हट्ट नाही, रीत-बीत राहू दे. पप्पा आज जूनची तिकिटं काढायला गेलेत. तू दवाखान्यात असशील, बिनॉयराव तुझ्याजवळ, म्हणजे घरी बरेचदा आम्ही दोघीच असू. त्या वाढतील आणि मला त्यांच्यासमोर जेवायचं आहे. त्याची मला आत्तापासून धास्ती वाटते. तरी येते.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. या खेपेला तो तू त्यांच्याकडून घे.

तुझी,
आई